पेशंट हलतो, औषधाची माहिती मागेच राहते

२०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, आणि तेव्हापासून या शहरात अमली पदार्थांवरची चर्चा थांबलेली नाही. थांबूही नये. पण त्या चर्चेत एक गफलत शिरली आहे आणि ती दुरुस्त करायला कुणी पुढे येत नाही. मेफेड्रोन हे उत्तेजक आहे. वेदनाशमनाशी त्याचा काडीचाही संबंध नाही, कुठल्या दवाखान्यात ते औषध म्हणून दिलं जात नाही. तरी बोलता बोलता मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधांची नावं त्याच दमात घेतली जातात आणि वाद दोन तंबूंत वाटला जातो. एक तंबू म्हणतो, या औषधांच्या मुसक्या आवळा, मेडिकलवाल्यांवर धाडी टाका, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासा. दुसरा म्हणतो, कॅन्सरचे पेशंट तडफडून मरतायत, बंधनं सैल करा. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही एकाच प्रश्नाभोवती घुटमळतात: औषध द्यायचं की नाही? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. औषध सुरू झाल्यावर पेशंट एका जागी थोडाच राहतो? तो आयसीयूतून वॉर्डात जातो, वॉर्डातून घरी, घरून गावी, गावाहून रात्री-अपरात्री दुसऱ्याच दवाखान्यात. आणि दर वेळी त्या औषधाची थोडी थोडी माहिती वाटेत सांडते. या औषधांनी होणारं बरंचसं नुकसान, मग ते जास्त दिल्याचं असो की अचानक बंद केल्याचं, इथेच घडतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून पेशंट जागा बदलताना ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारख्या अफूच्या धर्तीवर काम करणाऱ्या, औषधांची माहिती पुढच्या हातात लेखी आणि तोंडी पोचवणं हे एखाद्या डॉक्टरच्या चांगुलपणावर सोडता कामा नये. तो उपचाराचाच बंधनकारक भाग असला पाहिजे.

पुण्यातल्या कॅन्सरच्या पेशंटचा नेहमीचा प्रवास पाहा. ऑपरेशन शहरातल्या एका रुग्णालयात. शेक, म्हणजे रेडिएशन, दुसरीकडे. मधेच परळला टाटामध्ये दाखवून येणं. उपचार चालू असेपर्यंत सिंहगड रोडला भाच्याकडे मुक्काम, आणि मग भोर नाहीतर दौंड तालुक्यातलं आपलं गाव. तिथे रात्री श्वास लागला की जवळचं नर्सिंग होम. एवढ्या ठिकाणी औषध लिहिणारा वेगळा, देणारा वेगळा, आणि दुखणं सहन करणारा मात्र तोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणाऱ्या हानीविरुद्ध जगभर मोहीम उघडली, तेव्हा लक्ष देण्याच्या तीन प्रमुख जागांमध्ये पेशंटचं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं ही एक होती. म्हणजे ही काही आपल्याकडचीच अडचण नव्हे. पण आपल्याकडे तिच्याकडे बघायचंच नाही, असं जणू ठरलेलं आहे.

माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने घरी आणलेलं डिस्चार्ज कार्ड मी वाचलं आहे. औषधांच्या लांबलचक यादीत पोटाच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या मधे कुठेतरी मॉर्फिन १० मिलिग्रॅम, आणि पुढे तीन अक्षरं: एसओएस. म्हणजे गरज पडली तर. घरच्यांनी त्याचा जो अर्थ लावला तो कुणीही लावला असता. माणूस ओरडू लागला की गोळी, एरवी नको. आता साधी मॉर्फिनची गोळी साधारण चार तास काम करते. दुखणं सतत असेल तर ती घड्याळ लावून द्यायची असते, आधीच्या गोळीचा असर ओसरायच्या आत. दुखणं शिगेला पोचेपर्यंत थांबलं की तीच गोळी तोकडी पडते, दिवसभर चढउतार चालतो, पेशंट पुढच्या कळेच्या धास्तीने झोपत नाही, आणि घरचे म्हणतात, एवढं मॉर्फिन देऊनही उपयोग नाही. त्या कार्डावर पोट साफ होण्याचं औषधही नव्हतं. मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला बद्धकोष्ठ होतो आणि मळमळ जशी काही दिवसांत कमी होते तसा तो आपोआप जात नाही. म्हणून सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांसारखं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर द्यावं लागतं. हे कुणी सांगितलं नाही की घरात इसबगोल निघतो. पाणी जेमतेम पिणाऱ्या माणसाला तो उलट जाम करू शकतो. मग पोट फुगतं, जेवण सुटतं, खापर मॉर्फिनवर फुटतं आणि कुणीतरी शहाणा नातेवाईक ते एका दिवसात बंद करतो. काही आठवडे रोज घेतलेलं मॉर्फिन असं तोडलं की घाम, जुलाब, पोटात मुरडा, नाक वाहणं, जिवाची तगमग सुरू होते. नव्या डॉक्टरला मॉर्फिनचा पत्ताच नसेल तर त्याला ते गॅस्ट्रो वाटणार. तो सलाईन लावणार. यातल्या कुणाला आपण दोषी धरायचं?

पट्टीचं प्रकरण याहून अवघड. फेंटानिलची पट्टी कातडीवर चिकटवतात, ती तीन दिवस चालते. काढली तरी औषध लगेच ओसरत नाही, कातडीखाली साठलेलं पुढेही बरेच तास रक्तात उतरत राहतं. पाठीवर शर्टाखाली असलेली ही पट्टी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला दिसत नाही आणि घरच्यांना ती सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी औषध म्हणजे गोळी नाहीतर इंजेक्शन. अशा माणसाला रात्री पेंटाझोसिन या दुसऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन मिळालं, जे आपल्या छोट्या दवाखान्यांत सर्रास देतात, तर काय होतं? ते फेंटानिल किंवा मॉर्फिनच्या कामात आडवं येतं. दुखणं कमी होण्याऐवजी उसळतं आणि औषध तुटल्याची लक्षणं एकाएकी सुरू होऊ शकतात. आणि घरचं सर्वांत निरुपद्रवी वाटणारं काम, गरम पाण्याची पिशवी? पाठ दुखते म्हणून ती नेमकी पट्टीवर ठेवली की उष्णतेने औषध भराभर आत जातं आणि गुंगी वाढून श्वास मंदावू शकतो. तापाचंही तेच. हे समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण ती वाक्यं बोलण्याची जबाबदारी आज नावानिशी कुणावरच नाही.

आता मुसक्या आवळा म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची भीती खोटी नाही, आणि ती उडवून लावणारे वेदनाशमनाचं भलं करत नाहीत. महाराष्ट्राच्या आठवणीत अफू आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना दिवसभर झोपवायला अफूची बाळगोळी देत होत्या. पंजाब आजही होरपळतोय. आणि अमेरिका तर समोरच आहे. १९९६ मध्ये ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची दीर्घकाळ चालणारी गोळी बाजारात आणून व्यसनाचा धोका कमी असल्याचं पसरवणाऱ्या पर्ड्यू कंपनीचा गुन्हा २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कबूल झाला. तोवर कैक घरं उद्ध्वस्त झाली होती. पण अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. २०१६ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ओपिऑइड लिहिण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचना अनेकांनी लोखंडी मर्यादा समजून राबवल्या. वर्षानुवर्षं औषधावर असलेल्यांचे डोस एका फटक्यात तोडले गेले. २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकालाच इशारा द्यावा लागला की असं अचानक तोडल्याने तीव्र त्रास होतो, माणसं आत्महत्येपर्यंत जातात. २०२२ मध्ये सीडीसीने सुधारित सूचनांत सांगितलं की याला ताठर नियम करू नका. पहिल्या चुकीत कंपनीची लबाडी होती हे निर्विवाद, पण ती पसरली कशी? ऑपरेशननंतर माणूस गोळ्यांची बाटली घेऊन घरी गेला आणि त्या कधी थांबवायच्या हे बघणारा कुणी उरला नाही. दुसऱ्या चुकीत नवा डॉक्टर आला, त्याने आकडा बघितला आणि आधी हा डोस का ठरला होता हे विचारलंच नाही. सढळ हात असो की आखडता, दोन्ही वेळा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जायला हवं होतं ते गेलं नाही.

दुसऱ्या तंबूचं म्हणणंही मला मान्य आहे, आणि त्यांच्या बाजूने इतिहास तर भक्कम आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांवरच्या कायद्याने किमान दहा वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार ठेवली आणि परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. ज्या देशात मंदसौर, नीमच, चित्तोडगडला सरकारी परवान्याने अफू पिकते आणि परदेशात जाते, तिथे! २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिलसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांसाठी अनेक परवान्यांऐवजी एकाच परवानगीची वाट मोकळी झाली. तरीही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के ओपिऑइड वेदनाशामकं पोचत होती. तेव्हा औषध मिळालंच पाहिजे, यात वाद नाही. पण मिळणं म्हणजे रुग्णालयाच्या फाटकाच्या आत मिळणं एवढंच का? वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचं, केंद्र १९९७ पासून काम करतंय. तिथे पेशंटबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात, कारण पुढची शुश्रूषा त्यालाच करायची असते, हे तिथल्या लोकांनी कधीच ओळखलं आहे. एका केंद्राला कळलेलं हे शहाणपण बाकीच्या शहरात का झिरपू नये? बंधनं सैल झाली आणि सांगण्याची शिस्त आली नाही, तर दुसरा तंबू पहिल्याच्या हातात कोलीत देईल. गावातला एक माणूस चुकीच्या डोसने दगावला की पंचक्रोशीत मॉर्फिनचं नाव कायमचं काळं होतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेळेचा आहे. सरकारी रुग्णालयात एका रेसिडेंटच्या अंगावर किती पेशंट असतात हे ज्याने पाहिलंय तो त्याला आणखी एक कागद लिहायला सांगताना कचरेल. मीही कचरतो. पण क्षयरोगाचं काय? पुण्यात बांधकामावर आलेला मजूर औषध चालू असताना लातूरला परत गेला, तर त्याचा उपचार तिकडे वर्ग करण्याची पद्धत आहे. त्याचं उपचार कार्ड आहे, निक्षय या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद आहे. पद्धत प्रत्येक वेळी धड चालते असं नाही, पण तो मधेच गळू नये हे कुणाचं तरी काम आहे. ही यंत्रणा याच देशाने, याच तुटपुंज्या मनुष्यबळावर उभारली. का? कारण अर्धवट सुटलेला क्षयरोगी इतरांना आजारी पाडतो. मॉर्फिन मधेच तुटलेला माणूस फक्त स्वतः तळमळतो, तेही बंद दाराआड. वेळ कुणासाठी काढायचा हे आपण कसं ठरवतो, त्याचं हे उत्तर आहे आणि ते मला अस्वस्थ करतं.

आणि लिहायचं असतं तरी किती? कोणतं औषध, कोणत्या दुखण्यासाठी, शेवटचा डोस किती वाजता दिला आणि पुढचा किती वाजता. मधेच कळ आली तर जादा किती द्यायचं. तोंडाने की इंजेक्शनने, हे ठळक अक्षरात, कारण इंजेक्शनचं १० मिलिग्रॅम मॉर्फिन गोळीच्या साधारण ३० मिलिग्रॅमइतकं असतं. नुसता आकडा इकडून तिकडे उतरवला तर डोस तिप्पट होतो नाहीतर एक तृतीयांशावर येतो. किडनी कशी आहे, कारण ती थकली की मॉर्फिनचे अवशेष अंगात साठून माणूस झोपेतून उठेनासा होतो. पोट साफ होण्याचं औषध. किती गोळ्या हातात दिल्या, संपल्यावर कुठे मिळतील. आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. एका पानाच्या आत हे बसतं. डॉक्टरसाठी हवं तर इंग्रजीत असू दे, पण गोळी हातावर ठेवणाऱ्या सुनेसाठी किंवा मुलासाठी मराठीतच हवं, छापील आणि मोठ्या अक्षरात.

इथे घरातून एक आक्षेप येतो आणि तो डॉक्टरांच्या आक्षेपापेक्षा मला जास्त अवघड वाटतो. 'बाबांना काही सांगितलेलं नाही.' कागद त्यांच्या हाती लागला तर? यामागे माया आहे, भ्याडपणा नाही. आपल्या घरांमध्ये वाईट बातमी एकट्या माणसावर टाकायची नाही, ती सगळ्यांनी मिळून पेलायची, अशीच रीत आहे. पण दुखण्याच्या औषधाचा कागद हा आजाराच्या शेवटाचा कागद नसतो. त्यावर रोगाचं भाकीत लिहायची गरजच नाही. दुखतंय आणि त्यावर हे औषध चालू आहे, एवढं बाबांना ठाऊक असतंच. उलट काहीच न सांगितलेला माणूस मॉर्फिन हे नाव कुठूनतरी ऐकतो, आपली वेळ भरली असं समजतो आणि गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकून टाकतो. औषध शेवटासाठीच असतं हा समज दूर करायचा तर त्याच्याशीच बोलावं लागेल.

कायद्याची भीती राहतेच. तालुक्याचा डॉक्टर म्हणतो, ही लफड्याची औषधं, मला यात पडायचं नाही. घरचेही गोळ्या लपवतात. नव्या डॉक्टरला सांगितलं तर तो रागावेल, बंद करेल, पोलिसांचं काहीतरी होईल. लपवालपवी कशी सुरू होते हे पुण्याला सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग थोपवण्याचा हेतू होताच, पण शिपाई घरात घुसले, माणसं छावण्यांत नेली, आणि आपल्या माणसाचं पुढे काय होणार हे कुणी सांगेना, तेव्हा लोकांनी रोगीच लपवायला सुरुवात केली. पुढचं पाऊल माहीत नसलं की माणूस लपवतो. मॉर्फिनबाबतही धाक वाढवला तर लपवणं वाढेल, आणि लपवलेलं औषध जेवढं धोक्याचं तेवढं उघड औषध कधीच नसतं. डॉक्टरची सही, शिक्का, गोळ्यांची संख्या आणि फोन नंबर असलेला कागद स्वारगेटला एसटीत बसलेल्या मुलाच्या खिशात असला, तर त्या गोळ्या कुणाच्या आणि कशासाठी हे कुणालाही दाखवता येतं. तालुक्याच्या डॉक्टरलाही आधार मिळतो, की हा निर्णय मी एकट्याने घेतलेला नाही. आणि ज्यांना गैरवापराची खरीच चिंता आहे त्यांनी तर या कागदासाठी सर्वांत आधी आग्रह धरायला हवा. किती गोळ्या गेल्या, किती उरल्या, याचा हिशेब दुसऱ्या कुठल्या मार्गाने लागणार? पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या आणि पट्ट्या आज कपाटात पडून राहतात. वापरलेल्या पट्टीतही पोराला घातक ठरेल इतकं औषध शिल्लक असू शकतं. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडायची आणि उरलेलं औषध जिथून आणलं तिथल्या लोकांना विचारून त्यांच्याच हवाली करायचं, ही ओळही त्याच कागदावर हवी.

सगळं डिजिटल होणार आहे, मग कागदाचं काय, असंही म्हटलं जातं. आरोग्याच्या नोंदींसाठीचा आभा क्रमांक येऊ द्यात, नोंदी जोडल्या जाऊ द्यात, आनंदच आहे. पण पासवर्ड मुलाच्या फोनमध्ये, मुलगा हिंजवडीला, आणि आई भोरच्या दवाखान्यात, ही परिस्थिती त्याने उद्या बदलणार नाही.

मग सुरुवात कुणी करायची? रुग्णालयांच्या दर्जाची तपासणी करणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत डिस्चार्ज समरीमध्ये औषधांच्या सूचना आणि तातडीची मदत केव्हा, कशी घ्यायची हे असावं अशी अपेक्षा आजही आहे. म्हणजे नवं काही मागायचं नाही, ओपिऑइडसाठी ते काटेकोर करायचं आहे. महापालिकेची रुग्णालयं आणि ससून यांनी एकच छापील नमुना ठरवला तर खासगी रुग्णालयांना तो उचलायला अडचण काय? त्यासोबत दोन फोन: एक डिस्चार्जच्या दिवशी पुढच्या डॉक्टरला, दुसरा दुसऱ्या दिवशी घरी, सिस्टरने केलेला. गोळी वेळेवर दिली का, पोट साफ झालं का, झोप नेहमीपेक्षा जास्त आहे का, हे तीनच प्रश्न. वेळ नाही असं पुन्हा कुणी म्हटलं, तर खासगी रुग्णालयात डिस्चार्ज कसा होतो ते आठवावं. सकाळी राउंडला डॉक्टर 'आज जा' म्हणतात. त्यानंतर विमा कंपनीच्या मंजुरीसाठी फाइल खाली जाते, बिल तयार होतं, त्रुटी निघते, पुन्हा जाते. पेशंट कपडे बदलून खाटेवर बसलेला, नातेवाईक पिशव्या भरून दारात उभे, आणि संध्याकाळ होते. त्या अख्ख्या दिवसातली पंधरा मिनिटं सिस्टरने खुर्ची ओढून घरच्या माणसासमोर बसावं, कागद वाचून दाखवावा, आणि मग त्याच्याकडूनच तो परत म्हणवून घ्यावा: पुढची गोळी किती वाजता, पट्टीला शेक का द्यायचा नाही, रात्री फोन कुणाला.